गंधक सोसणारा ॲनोड: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

१० जून, सोमवार

नवी वही काढली. काम जुनंच आहे: घन ऑक्साइड इंधन-सेलचा ॲनोड (इंधन ज्या बाजूने येतं तो ध्रुव) असा करायचा, की इंधनातून थोडं गंधक आलं तरी त्याला झेपावं.

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामाकडे गेले होते. गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आहे. शेगडी पेटवण्याआधी क्षणभर कुजक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. माझा सगळा विषय त्या वासात आहे. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज होते. सातशे-आठशे अंशांवर चालणारा सेल तोच वायू ज्योत न पेटवता थेट विजेत बदलतो, आणि छोट्या इंजिनापेक्षा त्याच वायूतून जास्त वीज काढतो. आपल्याकडच्या खरकट्यात मासळी भरपूर. मासळीच्या प्रथिनांत गंधक असतं, ते कुजलं की हाच वायू. कच्च्या बायोगॅसमध्ये तो शेकडो पीपीएम (दहा लाख भागांत शेकडो भाग) असतो, कधी हजारांच्या घरात जातो. निकेलच्या ॲनोडला दोन-चार पीपीएमसुद्धा भोवतात.

वायू आधी गाळून घ्यावा हे खरंच, आणि तो गाळलाच जाईल. पण गाळणी एक दिवस भरते, बदलायची राहते. त्या दिवशी सेल मरू नये, एवढंच मला हवंय.

१२ जून, बुधवार

टेस्ट रिग (चाचणीची मांडणी) जोडायला घेतली. हायड्रोजन आणि एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड)-मिश्रण यांना मोजून सोडणारे दोन मास फ्लो कंट्रोलर. हायड्रोजन कोमट पाण्याच्या बबलरमधून ओला होऊन येतो, एचटूएसची कोरडी लाइन त्याला नंतर मिळते. तिथून पुढे नळीवर हीटिंग टेप, साधारण ६० अंश, म्हणजे वाफ थिजणार नाही. शेवटी ॲल्युमिनाची नळी भट्टीत.

मिक्सिंगच्या पुढे पाव इंची स्टेनलेस स्टीलची नळी साधारण एक फूट कमी पडली. पणजीच्या दुकानात आठवडा लागेल म्हणाले. स्टोअरमध्ये जुनी लोखंडी नळी होती, ती धुऊन, वाळवून तात्पुरती लावली. लीक टेस्ट पास.

१८ जून, मंगळवार

मिश्र वायूचं सिलिंडर आलं: हायड्रोजनमध्ये ५० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड, ॲल्युमिनियमचं. एवढ्या थोड्या प्रमाणातला हा वायू साध्या पोलादी सिलिंडरमध्ये टिकत नाही, आतल्या भिंतीच त्याला धरून ठेवतात, म्हणून ॲल्युमिनियम, असं आणणाऱ्या माणसाने सांगितलं. लिहून ठेवते.

एचटूएसचा डिटेक्टर कमरेला लावल्याशिवाय खोलीत यायचं नाही. या वायूचा वास अगदी थोड्यालाही येतो, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वायू गेला असं वाटतं. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या बाटलीतून, मग हूडमध्ये.

२६ जून, बुधवार

दिवसभर पाऊस. वाचनाचा दिवस. मॅडमनी (माझ्या मार्गदर्शक) विचारलं होतं, "निकेल सोडून का देत नाहीस?" उत्तर नीट मांडून बघते.

निकेलचं काम हायड्रोजनचा रेणू फोडण्याचं. एचटूएस निकेलवर आला की तोही फुटतो, त्यातला हायड्रोजन निघून जातो आणि गंधकाचा अणू पृष्ठभागाला चिकटून बसतो. ज्या जागी हायड्रोजन फुटायचा ती जागा गेली. निकेलचं सल्फाइड होण्याची गरजच नसते. साडेसातशे अंशांना काही पीपीएममध्ये ते होतही नाही, नुसता एक अणूभर थर पुरतो. किती जागा अडतात हे एचटूएस आणि हायड्रोजन यांच्या गुणोत्तरावर आणि तापमानावर ठरतं. तापमान उतरलं की गंधक जास्त घट्ट बसतं. आज सगळे सेलचं तापमान खाली आणायच्या मागे आहेत, कारण मग स्वस्त पोलाद वापरता येतं. नेमकं तिथेच गंधक जास्त नडतं.

निकेल नको म्हणणाऱ्यांचे रस्ते तीन. पहिला तांब्याचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गोर्टे आणि व्होस यांनी २००० साली तांबं आणि सेरियाच्या (सेरियम ऑक्साइडच्या) ॲनोडवर सरळ हायड्रोकार्बन चालवून दाखवले. तांबं वीज वाहतं, पण हायड्रोजन फोडत नाही. ते काम सेरियाला करावं लागतं, आणि गंधक फार झालं तर सेरियाही त्याच्याशी संयोग करतो. शिवाय तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणून १४०० अंशांच्या भाजणीत ते इतरांबरोबर घालताच येत नाही. दुसरा रस्ता लॅन्थेनम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटचा. त्याला गंधकाचं भय जवळपास नाही. पण तो मुळात हायड्रोजनच फारसा फोडत नाही, मग गंधकाने बिघडायचं काय? तिसरा स्ट्रॉन्शियम-मॅग्नेशियम-मॉलिब्डेनमच्या दुहेरी पेरोव्हस्काइटचा, २००६ साली गुडइनफ यांच्या गटाने दाखवलेला. लिथियम बॅटरीसाठी २०१९ साली नोबेल मिळालेले तेच गुडइनफ. हा पदार्थ मला फार आवडतो, पण भाजताना तो इलेक्ट्रोलाइटमधल्या (ॲनोडला लागून असलेल्या, ऑक्सिजन वाहणाऱ्या थरातल्या) झिर्कोनियाशी भांडतो, मध्ये वेगळा थर द्यावा लागतो.

माझं मत बनलंय. ज्याला गंधक बाधत नाही तो बहुतेक वेळा कामालाही मंद असतो. निकेलइतका कामसू, स्वस्त आणि भट्टीत शहाण्यासारखा वागणारा दुसरा धातू माझ्या हाताशी नाही. त्याला काढण्यापेक्षा त्याच्या शेजारी कोणीतरी बसवावा, जो चिकटलेलं गंधक धुऊन काढील.

तसा शेजारी २००९ साली जॉर्जिया टेकमधल्या मेलिन लिऊ यांच्या गटाने दाखवला: बेरियम, झिर्कोनियम, सेरियम, यिट्रियम आणि यिटर्बियमचा मिश्र ऑक्साइड. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो. त्याच्या जाळीतल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांत वाफेचा रेणू शिरतो. तर्क असा, की हे पाणी निकेलच्या कडेशी मिळतं आणि गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होऊन तो वायूबरोबर निघून जातो. त्यांनी ॲनोड आणि इलेक्ट्रोलाइटमध्येच हा पदार्थ वापरला होता. मला तो साध्या निकेल-झिर्कोनिया ॲनोडच्या छिद्रांत द्रावणातून भरायचाय, कारण तसा ॲनोड कुठेही करता येतो. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं "बेरियमवाला" म्हणायला लागलो आहोत.

८ जुलै, सोमवार

पेलेट, म्हणजे ॲनोडच्या दाबलेल्या चकत्या. निकेल ऑक्साइड ६०, वायएसझेड (यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया) ४० (वजनाने), छिद्रांसाठी स्टार्च. डायमधून काढतानाच पाचपैकी तीन तडकल्या. हवेत एवढा ओलावा आहे की पावडर डबा उघडल्यावर दहा मिनिटांत गोळा धरते. ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर ठेवून मग गरमच दाबायची, असं ठरवलं.

११ जुलै, गुरुवार

गरम दाबलेल्या सातपैकी सहा चांगल्या. १४०० अंशांची भाजणी लावली.

१६ जुलै, मंगळवार

बेरियमवाल्याचं द्रावण. बेरियम नायट्रेट पाण्यात फारच कमी विरघळतं, १०० मिलीत जेमतेम दहा ग्रॅम. म्हणून द्रावण पातळ करावं लागतं आणि एका वेळेला छिद्रांत फार थोडा माल जातो. सायट्रिक आम्ल घालून, कोमट ठेवून, थेंब सोडायचा, व्हॅक्यूममध्ये हवा काढायची, वाळवायचं, ४०० अंश दाखवायचे, वजन करायचं. आज चार फेऱ्या झाल्या. शेवटी ९०० अंश. त्याच्या फार वर न्यायचं नाही, नाहीतर बेरियम झिर्कोनियाला जाऊन मिळतं आणि बेरियम झिर्कोनेटचा मठ्ठ थर उरतो.

संध्याकाळी बारा फेऱ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. हे काम मला मनापासून आवडतं. हात एका लयीत चालतो, वजन प्रत्येक वेळी मिलीग्रॅमने वाढतं.

२९ जुलै, सोमवार

पहिला सेल भट्टीत. ७५० अंशांना ओल्या हायड्रोजनमध्ये ओपन सर्किट व्होल्टेज (करंट न काढता मिळणारं) ०.९३. हिशेबाने १.१ च्या जवळ हवं. सील गळतंय. भट्टी उतरवली. काचेची पेस्ट एका बाजूला पातळ लागली होती.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुसरं सील, नवा सेल, १.०८. हा बेरियमवाला, क्रमांक ३. भट्टी मिनिटाला दोन अंशांनी चढवली, सात तास शेजारी बसून. निकेल ऑक्साइडचं निकेल होताना आकारमान चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतं, घाईत हायड्रोजन दिला तर इलेक्ट्रोलाइटला तडा जातो. नायट्रोजनमध्ये थोडा थोडा हायड्रोजन वाढवत नेला.

०.३ अँपियर प्रति चौरस सेंटिमीटरला ०.८२ व्होल्ट. दोन दिवस असंच चालू देणार.

१९ ऑगस्ट, सोमवार

शुक्रवारी सकाळी ५ पीपीएम एचटूएस सुरू केलं होतं. हायड्रोजन मिनिटाला ९० मिली, मिश्रण १० मिली. साठ तास झाले. व्होल्टेज ०.८२ वरून ०.८१५. बस्स.

इम्पीडन्सच्या (सेलच्या आतल्या विद्युत-अडथळ्याच्या) आलेखात एचटूएसच्या आधीची आणि नंतरची कमान जवळजवळ एकमेकींवर बसतात. जानेवारीत माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने याच भट्टीत साधा सेल चालवला होता. त्याच्या वहीत याच करंटला, याच ५ पीपीएमला पहिल्या तासातच ९ टक्के घट आहे. माझी एक टक्काही भरत नाही.

रात्री फोंड्याच्या बसमध्ये आलेख फोनवर पुन्हा पुन्हा काढून बघितला. आईला फोन केला. तिला कमानी समजल्या नाहीत, पण ती माझ्याइतकीच खूश झाली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमनी आलेख शांतपणे बघितला आणि एकच विचारलं: "तुझा साधा सेल कुठाय?"

म्हटलं, जानेवारीचा आहे की.

"तो त्याचा. तुझ्या रिगवर, तुझ्या सीलने, याच महिन्यात केलेला दाखव. मग पेढे वाटू."

बरोबर आहे. वेळ वाचवायला मी तो टाळला होता. साधा सेल क्रमांक ४ उद्या चढवते.

३१ ऑगस्ट, शनिवार

साधा सेल. बेरियम नाही, काही नाही. ५ पीपीएम, ४८ तास.

व्होल्टेज ०.८१ होतं, ०.८१ आहे.

साध्या निकेलला गंधक बाधत नाही असं कसं होईल? करंट वाढवला, कमी केला, तापमान ७०० वर आणलं. तिथे तर घट ठळक दिसायला हवी. काहीच नाही. मास फ्लो कंट्रोलरचा आकडा बरोबर, सिलिंडरचा दाब बरोबर. मग १९ तारखेच्या आलेखाला काय अर्थ उरला? मॅडमना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, चवथीनंतर बघू, आधी घरी जा.

५ सप्टेंबर, गुरुवार (घरी)

परवा चवथ. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या मांडवाचं) सामान अंगणात पसरलंय: सुपाऱ्यांचे घोस, नीरफणस, कांगलां. मामा आलेत. आत्याबाई भस्म घेऊन चांदीचं तबक आणि निरांजनं घासायला बसल्या, मीही बसले. गेल्या चवथीला घासून कपाटात ठेवलेली, वर्षभर कोणी हात लावला नाही, तरी काळी. हवेतल्या नाममात्र गंधकाने. तिथे पीपीएम कसले, त्याचाही हजारावा भाग असेल नसेल.

घासता घासता एकदम आठवलं: माझ्या रिगमध्ये चांदीची तार आहे. ॲनोडकडून निघून थंड भागातून बाहेर येते. ३१ तारखेला सेल काढताना मी ती गुंडाळून ठेवली, आणि ती लख्ख होती. वर्षभराच्या हवेने तबक काळं होतं आणि ५ पीपीएमने तार नाही?

रात्री घुमट-आरतीची तालीम चालली होती तेव्हा माजघरात बसून हिशेब केला. तारेचा पुरावा टिकत नाही. हवेत चांदी काळी पडते ती ऑक्सिजनच्या मदतीने. माझ्या नळीत ऑक्सिजन नाही, हायड्रोजन आहे, आणि तो चांदीवरचं गंधक उलट ओढून घेतो. साध्या तापमानाला हायड्रोजन एचटूएसच्या साधारण वीसपट असला तरी पुरे, चांदी काळी पडणार नाही. माझ्याकडे तो दोन लाख पट आहे. म्हणजे तार लख्ख असणं काहीच सांगत नाही.

पण प्रश्न बरोबर आहे. सेलपर्यंत गंधक पोचतंय का, हे मी एकदाही तपासलेलं नाही. मोजलं ते सगळं सिलिंडरच्या तोंडाशी.

९ सप्टेंबर, सोमवार

दीड दिवसाचा गणपती पोचवून आले. सकाळी फिल्टर पेपरच्या पट्ट्या लेड ॲसिटेटच्या द्रावणात बुडवल्या (हातमोजे, शिसं आहे). एचटूएस लागलं की त्यावर लेड सल्फाइड होऊन पट्टी तपकिरी, मग काळी पडते. इथे हायड्रोजनने फरक पडत नाही.

पट्टी १, रेग्युलेटरनंतर: अर्ध्या मिनिटात काळी.
पट्टी २, मिक्सिंगच्या टी-जोडाला: तीन-चार मिनिटांत तपकिरी.
पट्टी ३, भट्टीच्या तोंडाशी: एक तास. पांढरी.

टी-जोड आणि भट्टी यांच्यामध्ये हीटिंग टेपखाली जूनमधली ती लोखंडी नळी आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

नळी काढली, वर्कशॉपमध्ये उभी चिरून घेतली. जून-जुलैतली दमट हवा आणि नंतर बबलरची वाफ यांनी आतून गंज धरलेला. सुरुवातीच्या अर्ध्या भागात तो काळा पडलाय, पुढे अजून लाल. काळा आणि लाल यांची सीमा अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी. तिचा फोटो काढून वहीत चिकटवला.

हिशेब: मिनिटाला १०० मिली वायू, त्यात ५ पीपीएम. साठ तासांत सेलकडे पाठवलेलं एकूण गंधक अडीच मिलीग्रॅमच्या आत. एवढं खायला फेरिक ऑक्साइड किती लागतं? एका रेणूला तीन एचटूएस धरले तर ४ मिलीग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. आणि ओलसर, कोमट गंज म्हणजे तर या कामाला हवा तसाच. बायोगॅसमधला एचटूएस काढायला लोखंडाचा गंजच भरतात, डिचोलीच्या रस्त्यावर पायाखाली असते तीच लाल माती म्हणायची. मी बेरियमवाल्याची परीक्षा घेतच नव्हते. महिनाभर एक उत्तम गाळणी चालवत होते. १८ जूनला याच वहीत लिहिलंय की पोलाद हा वायू धरून ठेवतं, आणि त्याच्या सहा दिवस आधी लोखंडी नळी लावल्याचीही नोंद आहे.

१९ ऑगस्टच्या पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली. पान फाडलेलं नाही.

मॅडमना नळी दाखवली. त्यांनी बराच वेळ उजेडात धरून बघितली, मग म्हणाल्या, "हे नीट लिहून ठेव. माझ्याही डोळ्यांसमोरून गेलं ते."

टी-जोडापासून भट्टीपर्यंत सगळी लाइन आता टेफ्लॉनची. पितळी जोड होते तेही काढले. प्रत्येक चाचणीआधी आणि नंतर भट्टीच्या तोंडाशी पट्टी लावायची आणि ती पट्टी तारीख घालून वहीत चिकटवायची.

२४ सप्टेंबर, मंगळवार

साधा सेल क्रमांक ५. पट्टी चार मिनिटांत तपकिरी.

७५० अंश, तोच करंट. ५ पीपीएम सुरू केल्यावर वीस मिनिटांत ०.८१ वरून ०.७५, तासाभरात ०.७४, मग हळूहळू घसरण. इम्पीडन्समध्ये कमान फुगली, पण तिच्या डाव्या टोकाची जागा हलली नाही. म्हणजे इलेक्ट्रोलाइट आणि जोडण्या ठीक, बिघडलाय तो फक्त ॲनोडचा पृष्ठभाग. नेमकं व्हायला हवं ते. सेल खराब होताना बघून इतकं हायसं वाटलं.

एचटूएस बंद करून नुसता हायड्रोजन दिला. सहा तासांत ०.७९, पूर्ण नाही. उतरवताना एचटूएस बंदच. तो चालू ठेवून थंड केलं तर वाटेत खरोखरचं निकेल सल्फाइड तयार होतं आणि मागून सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला वाटतं की हे ७५० अंशांनाच झालं.

एक गोष्ट पुढच्यांसाठी. टक्के सांगताना करंट स्थिर ठेवला होता की व्होल्टेज, हे लिहायलाच हवं. स्थिर व्होल्टेजला गंधक आलं की करंट पडतो, करंट पडला की ॲनोडकडे येणारा ऑक्सिजन आणि त्यातून होणारं पाणी कमी होतं, आणि गंधक धुणारं तेवढंच कमी. तोच सेल दोन पद्धतींनी दोन वेगळे आकडे देतो. माझे सगळे आकडे स्थिर करंटचे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

बेरियमवाला, नवा, क्रमांक ६. तेराव्या फेरीपर्यंत भरलेला. पट्टी आधी तपकिरी, नंतरही तपकिरी.

५ पीपीएम: पहिल्या तासात ०.८२ वरून ०.८०. मग चाळीस तास तिथेच. बंद केल्यावर दोन तासांच्या आत ०.८२ ला परत. साध्याची घट ०.०७, याची ०.०२. ऑगस्टचा आलेख याहून कितीतरी देखणा होता. पण हे दोन शतांश खरे आहेत.

बबलरचं तापमान वाढवून वाफ ३ टक्क्यांवरून साधारण १० टक्के केली, तेव्हा घट आणखी कमी झाली. साध्या सेलला वाफेने काय होतं ते अजून बघायचंय. त्यालाही फायदा होणारच, प्रश्न आहे दोघांमधला फरक वाढतो की मिटतो. फरक मिटला तर माझा पाणी धरून ठेवण्याचा तर्क बळावेल. तसाच राहिला तर बेरियम आणखी काहीतरी करतंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमबरोबर पुढचं ठरलं. एकाच सेलवर प्रबंध उभा राहत नाही, असेच आणखी दोन बेरियमवाले, दोन साधे. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड. मामाच्या टाकीतल्या वायूत मिथेनच्या खालोखाल तोच असतो, आणि बेरियमला त्याची ओढ आहे. सेरेटमधलं (बेरियमवाल्यातल्या सेरियमच्या भागातलं) बेरियम कार्बोनेट होऊन बाहेर पडलं तर हा शेजारी निकेलच्या आधी मरेल. झिर्कोनियमचा वाटा वाढवला की पदार्थ टिकतो, पण भाजायला जड आणि वाहकतेला कमी. दोन द्रावणं करते: एक आताचंच, एक झिर्कोनियम वाढवलेलं.

जानेवारीच्या वहीतली ९ टक्क्यांची नोंद आणि माझी २४ सप्टेंबरची, दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्या. जवळपास जुळतात. त्याची लाइन पूर्ण स्टेनलेस स्टीलची होती. त्याला आज फोन करून हे कळवलं.

बेरियम नायट्रेट तोललं, पाणी कोमट करायला ठेवलं. पाऊस थांबलाय, पावडर गोळा धरत नाही.